उजवीकडे ओढणारी गाडी

आदरणीय बाई,

आपल्यासारख्या विद्वान मुख्याध्यापिकेला मी काही लिहून पाठवावे, ही माझी पायरी नव्हे. ग्रंथालयात आपण समोर आलात की माझ्या तोंडून धड वाक्य फुटत नाही, हे आपण जाणताच. तरीही हे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. शाळेचा फोन कोणी उचलत नाही, आपलाही उचलला जात नाही, म्हणून माझ्या रोजनिशीच्या पानांची छायाचित्रे पाठवते आहे. विनंती एकच आहे. पाच वाजता शाळा सुटेल तेव्हा दुसरीतल्या मुंगीला, माझ्या भाचीला, तिच्या वडिलांच्या मोटारसायकलवर बसू देऊ नये. कारण एका वाक्यात सांगितले तर आपण मला वेडी ठरवाल. म्हणून ही पाने. शेवटी शेवटी अक्षर बिघडले आहे, त्याबद्दलही क्षमस्व.

४ नोव्हेंबर, सोमवार

नव्या गावातला पहिला दिवस, आणि रोजनिशीचेही पहिलेच पान. शाळेच्या ग्रंथालयात रुजू झाले. कपाटांची काच पुसली, वाळवी लागलेले दोन कोश उन्हात ठेवले, आणि इतक्या पुस्तकांची किल्ली आता माझ्या पदराला आहे या कल्पनेने दिवसभर उगाचच हसत राहिले.

राहायला ताईच्या घरी आले आहे. ताई जाऊन वर्ष होत आले, तरी हे घर अजून ताईचेच आहे. चहाचे डबे तिच्या उंचीच्या फळीवर आहेत, मला टाचा उंचावाव्या लागतात. वरची खोली मला दिली आहे. खिडकीतून कालवा दिसतो आणि त्याच्या काठाकाठाने शाळेकडे जाणारा रस्ता.

मुंगीने माझी रीतसर मुलाखत घेतली. मावशीला शीळ घालता येते का, अंधाराची भीती वाटते का, वेणी घट्ट घालणार की सैल. सैल म्हटल्यावर मला नोकरी मिळाली. भावजी मात्र फार बोलत नाहीत. ते कारखान्यात लोखंड कातण्याच्या लेथवर असतात. केसाच्या जाडीचा फरक बोटाला कळतो, असे ताई त्यांच्याबद्दल कौतुकाने सांगायची. जेवताना त्यांनी एवढेच म्हटले की शाळा लांब आहे, अंगणातली मोटारसायकल नुसती उभी आहे, मी वापरावी. मला चालवता येते हे त्यांना ठाऊक होते. ताईनेच मला शिकवली होती.

६ नोव्हेंबर, बुधवार

गाडी उत्तम आहे. एका हाकेत सुरू होते. मात्र ती किंचित उजवीकडे ओढते. सरळ रस्त्यावर हातांची पकड जरा सैल केली की रस्त्याच्या मधोमध जाऊ लागते, जणू समोरून कोणी ओळखीचे येते आहे.

आधी वाटले, रस्त्याचा उतार असेल. परंतु घरी येताना उतार डावीकडे, कालव्याकडे आहे. गाडी चढाकडे ओढते आहे. हे विचित्रच.

शाळेसमोर एक गॅरेज आहे. तिथल्या फिटरकाकांना दाखवली. त्यांनी एक फेरी मारली, चाकांत हवा भरली आणि ऐटीत जाहीर केले की झाले काम. झाले नव्हते. संध्याकाळी पुन्हा गेले तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडे हे ऐकले होते, चालवता येईना गाडी वाकडी हे आज पाहिले. पुस्तकांची पिशवी उजव्या खांद्याला लावता ना, मग ती ओढणारच! मी पिशवी डाव्या खांद्याला घेतली आणि निघाले. गाडी उजवीकडेच ओढत होती.

९ नोव्हेंबर, शनिवार

अर्धी शाळा. फिटरकाकांनी आता ही गोष्ट मनाला लावून घेतली आहे. पुढचे चाक अधांतरी उचलून हँडल दोन्हीकडे फिरवून पाहिले. कुठे अडकत नाही. पुढचे दोन्ही फोर्क, म्हणजे चाक धरणाऱ्या नळ्या, काचेच्या पट्टीवर लोळवून पाहिले, वाकलेले नाहीत. टायर सारखे झिजलेले. ते कपाळावर हात मारून म्हणाले की या बयेला काही आजार नाही, ही नुसती रुसली आहे.

ग्रंथालयात दुरुस्तीचे एक जुने पुस्तक सापडले. त्यात दोऱ्याची परीक्षा दिली आहे. मागच्या चाकाला दोरा गुंडाळून त्याची दोन्ही टोके दोन्ही अंगांनी ताणून पुढच्या चाकापर्यंत आणायची. चाके एका ओळीत असतील तर दोन्हीकडे अंतर सारखे दिसते. सोमवारी करून पाहीन. मुंगी दोरा धरणार आहे. त्या बदल्यात तिला शीळ शिकवायची आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कारण सापडले. आनंद व्हायला हवा होता.

मागचे चाक तिरके बसवले आहे. साखळी ताणण्यासाठी आसाच्या दोन्ही टोकांना खुणा असतात. त्या सारख्या हव्यात. इथे एक टोक दुसऱ्याच्या मागे आहे. शिवाय डावीकडची मागची स्प्रिंग उजवीपेक्षा कडक केलेली आहे. मी म्हटले, कोणाची तरी चूक झाली असावी. फिटरकाका खाली वाकले आणि त्यांनी चिंधीने ग्रीस पुसले. त्या तिरक्या जागेवर लाल ठिपका होता. स्प्रिंगच्या खाचेवरही होता. कोणत्याही कारागिराने गाडी खोलली तरी त्याने पुन्हा याच जागी बसवावी, म्हणून केलेली खूण. ते म्हणाले, पोरी, चुकीला कोणी नखपॉलिश लावत नाही.

ती छटा मी ओळखते. ताईची अर्धी बाटली अजून आरशाच्या खणात आहे.

संध्याकाळी भावजींना विचारले. ते बराच वेळ बूट पुसत राहिले. मग सांगितले, एवढे सलग प्रथमच. ताई नेहमी एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायची. तिला स्वतःला गाडी येत होती, तरी मागेच बसायची, कारण रुग्णालयातली रात्रपाळी करून सकाळी घरी येताना तिला त्यांच्या पाठीवर डोके टेकून डुलकी काढायला आवडायचे. डावीकडच्या तिच्या भाराने गाडी डावीकडे ओढायची. तेव्हा त्यांनी एका रविवारी चाक आणि स्प्रिंग अशी बसवली की ती मागे असताना गाडी अगदी सरळ चालावी आणि तिची झोप मोडू नये. ती नसताना उजवीकडे ओढली तर ओढू दे. ती नसताना ते गाडी चालवतच नसत.

त्या सकाळी कालव्याच्या वळणापाशी गाडी एकाएकी उजवीकडे ओढू लागली. तेव्हा त्यांना कळले की मागे कोणी नाही.

तिच्या तोंडून आवाजही निघाला नव्हता. ती झोपेतच घसरली. कालव्याच्या दगडी काठावर डोके —

ते पुन्हा बूट पुसू लागले. फक्त एवढे म्हणाले की ती खूण तशीच राहू द्यावी. मी शब्द दिला.

१७ नोव्हेंबर, रविवार

आता गाडी ओढते तेव्हा मला राग येत नाही. वाटते, ती एका माणसाची उणीव मोजून दाखवते आहे. दोष म्हणून मी जे शोधत होते, ते त्यांचे प्रेम होते. लेथवरच्या माणसाला दुसरे कसे सांगता येणार?

ताईसाठी आज मनसोक्त रडले. मुंगीला वाटले की कांदा. घरात कांदा नाही हे तिला माहीत होते, तरी तिने तसेच म्हटले. सात वर्षांची आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहावे की नाही, ठरत नाही.

शाळेतून परतत होते. ऊन कलले होते. शाळेपासून वळणापर्यंत गाडी नेहमीसारखी उजवीकडे ओढत होती. वळण घेतले, आणि ती सरळ झाली.

मी हात सैल सोडले. सरळ. सोडून पाहिले, क्षणभरच. दोऱ्यावरून चालल्यासारखी सरळ, घराच्या फाटकापर्यंत.

मागे वळून पाहण्याचे धैर्य झाले नाही. फाटकाशी उतरले तेव्हा मागची सीट रिकामी होती. हात लावला. संध्याकाळच्या मानाने थंड होती, इतकेच.

खुणा तपासल्या. लाल ठिपके जागच्या जागी आहेत.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आजही. वळणापासून.

आणि आज पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, काहीतरी टेकले. जड, ऊबदार नसलेले. डुलकी लागलेल्या माणसाचे डोके जसे टेकते, उचलते, पुन्हा टेकते, तसे. रुग्णालयातल्या फिनेलचा वास आला.

मी घाबरले नाही. खरे सांगते. मी गाडी हळू केली, तिची झोप मोडू नये म्हणून. मनात म्हटले, ताई, घर आले की उठवते हं. वर्षभर ती त्या वळणावर थांबली होती आणि आम्ही कोणी तिला घरी आणले नव्हते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मी भावजींना सांगितले. सांगायला नको होते. पण ते आज ताईचा डबा घासून पुसून पुन्हा रिकामाच फळीवर ठेवत होते, आणि मला राहवले नाही.

मला वाटले, ते चिडतील. ते अंगणात गेले, मागच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मग लहान मुलासारखे विचारले की खरेच सरळ जाते का. मी म्हटले, हो. झोपलेली असते का? मी म्हटले, हो. तिला अजून कळलेले नाही तर, असे पुटपुटले. मग म्हणाले, एकदा तरी मीच तिला घरी आणायला हवे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज मुंगीला पहिल्यांदाच शाळेतून गाडीवर आणले. तिचा पाय मुरगळला होता, इलाज नव्हता. दोन्हीकडे पाय टाकून नीट बसवले. माझ्या कमरेला घट्ट मिठी मारायला सांगितले.

गाडी शाळेच्या फाटकापासूनच सरळ होती. वळण यायच्या कितीतरी आधी. ती लेकीला घ्यायला फाटकापर्यंत आली होती.

मग गाडी डावीकडे ओढू लागली. थोडी. मग जास्त. भावजींनी तिच्यासाठी बसवलेले चाकही तो भार पेलेना. एकीचा नव्हता तो. दोघींचा.

वळणावर माझ्या कमरेची मिठी सुटली.

मी एका हाताने मागे चाचपले, फ्रॉक हाती लागला, ओढला, गाडी कशी थांबवली आठवत नाही. मुंगी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसली होती. अर्धी सीटच्या बाहेर. रडत नव्हती. म्हणाली, मावशी, ओढू नकोस ना, आईने मांडीवर घेतले आहे.

मी विचारले, आई काय करते आहे?

झोपली आहे, म्हणाली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

रात्रभर डोळा लागला नाही. ताई वाईट नाही. ताई वाईट असूच शकत नाही. ती फक्त झोपली आहे, आणि त्या वळणावर ती घसरते, आणि तिला ठाऊक नाही. झोपलेल्या माणसाच्या मांडीवरचे मूल —

मुंगीला पायीच नेले, आणले. पाय दुखतो म्हणून पाठुंगळी घेतले. ती सारखी मागे वळून म्हणत होती की आई गाडी शोधते आहे.

उपाय एकच. तिची जागा मोडायची. चाक सरळ करायचे, स्प्रिंग सारखी करायची. जिथे तिला धरून ठेवणारे काही नसेल तिथे ती बसणार नाही. मी शब्द दिला होता. तो मोडते आहे. भावजींना उद्या संध्याकाळी सांगेन, समोरासमोर. मुंगीसाठी होते म्हटले तर ते क्षमा करतील.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मुंगी शाळेतच आहे.

दुपारी अंगणात चाकाचा नट सैल केला. दोन्ही खुणा एका ओळीत आणल्या. डावी स्प्रिंग उजवीइतकी सैल केली. दोरा दोन्हीकडून सारखा टेकला. मग नखपॉलिशचे ठिपके पातेल्याच्या घासणीने घासून काढले. शेवटचा ठिपका निघताना असे रडू आले की जणू तिला मीच ढकलते आहे. पुटपुटत राहिले, ताई, माफ कर, मुंगीसाठी, मुंगीसाठी.

वळणाच्या अलीकडपर्यंत जाऊन आले. गाडी एकटी सरळ चालते. दोष उरला नाही.

हात काळे झाले होते. न्हाणीघरात साबण लावत बसले. बाहेर आले तेव्हा —

अंगणात गाडी नव्हती.

शेजारच्या आजी ओट्यावर होत्या. म्हणाल्या, अगं, तुझे भावजी आज लवकर सुटले, दाढी करून, शीळ घालत गेले. लेकीला आणायला चाललो म्हणाले. किती दिवसांनी हसताना पाहिले बाई. मुंगीचा स्वेटर खुंटीवर नाही. त्यांचा फोन फळीवर, ताईच्या डब्याशेजारी वाजतो आहे. मीच लावते आहे.

आधी कसे सुचले नाही! त्यांना माहीत नाही. चाक मी सरळ केले हे त्यांना माहीत नाही. जाताना गाडी उजवीकडे ओढणार, या अपेक्षेने ते बसले असतील. ती ओढली नसेल. सरळ गेली असेल. म्हणजे त्यांना वाटले असेल, ती आत्ताच मागे बसली आहे. म्हणून ते आनंदात असतील. म्हणून हँडल सैल धरतील, पूर्वीसारखे, तिची झोप मोडू नये म्हणून.

आणि परत येताना शाळेच्या फाटकापाशी खरोखरच ती. मांडीवर मुंगी. आणि तो भार पेलायला आता काहीही नाही. डावीकडे कालवा.

धावत वळणापर्यंत आले. इथून पुढे धाप — पाय चालत नाहीत. इथेच उभी राहते. हात आडवे करून थांबवीन. कठड्यावर वही ठेवून लिहिते आहे. बाई, आपल्यासाठी वरचे पत्र आत्ताच लिहिले. दोनदा खोडले. आपल्याला कसे लिहावे कळेना. कृपया तिला ग्रंथालयात बसवून ठेवा. किल्ली टेबलाच्या खणात —

पाने पाठवली. पुढचे फोनवरच लिहिते आहे.

आवाज येतो आहे. ओळखीचा. झाडांपलीकडे. कोणीतरी शीळ घालते आहे. दोघे — नाही, मुंगीचीही शीळ, मी शिकवलेली —

दिसले. भावजी हसत आहेत. एकच हात हँडलवर. मुंगी एका अंगाला बसली आहे, पाय डावीकडे, आणि तिच्या पोटावर कोणाचे तरी हात — नखे लाल —

भावजी, धरा, दोन्ही हातांनी, गाडी मी सरळ के

(शेवटचा संदेश : २९ नोव्हेंबर, शुक्रवार, सायंकाळी ५ वाजून १४ मिनिटे)